कळीतली गुणसूत्रं

एम.एस्सी. झाले, नेट पास झाले, बुलढाण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, त्यालाही दीड वर्ष झालं. तोवर मी एकदाही खरं गुणसूत्र डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आज हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा ते माझं गुपित होतं. पेशी विभागायला लागली की गुणसूत्रं जाड होतात, केंद्रकाचा पडदा विरून जातो, ती पेशीच्या मधोमध रांगेत येतात आणि मग प्रत्येकाचे दोन भाग दोन टोकांकडे ओढले जातात, हे सगळं मला तोंडपाठ होतं. फळ्यावर रंगीत खडूंनी मी त्या चार अवस्था अशा सुबक काढायची, की मुलं मोबाइलवर फोटो काढून घ्यायची. पण मी त्या आकृत्या पुस्तकातून शिकले होते. पुस्तक लिहिणाऱ्याने त्या कुठून घेतल्या होत्या, देव जाणे.

दर हिवाळ्यात बी.एस्सी.च्या मुलांना कांद्याच्या मुळांचं प्रॅक्टिकल असायचं. कांदा पाण्यावर ठेवायचा, त्याला फुटलेल्या मुळांची टोकं कापायची, ती आम्लात मऊ करून लाल रंगात बुडवायची आणि काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून मायक्रोस्कोपखाली पाहायची. मूळ टोकाशी वाढतं, म्हणून तिथल्या पेशी सतत विभागत असतात. त्यात गुणसूत्रं दिसायला हवीत. आमच्या मुलांना दिसायचा तो गुलाबी चिखल. मुलं दोन मिनिटं डोळा लावायची, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून वहीत चारही अवस्था काढायची, मी सही करायची. मी स्वतः विद्यार्थिनी असताना हेच केलं होतं. आमचे विभागप्रमुख सर चांगला माणूस, पण तेही म्हणायचे, "मॅडम, स्लाइड जमली तर जमली. तक्ता आहेच की."

त्या वर्षी एक मुलगी सुलतानपूरहून शिकायला आली होती. लोणार तालुक्यातल्या शेतकरी घरातली, बुलढाण्यात वसतिगृहात राहायची. वर्गात फारशी बोलायची नाही. तिची वही माझ्याकडे सहीला आली, तेव्हा त्या पानावर फक्त एक मोठं वर्तुळ होतं, त्यात गुलाबी पेन्सिलीने फासलेला रंग, आणि खाली लिहिलेलं, "काही दिसलं नाही."

मी तिला टेबलाशी बोलावलं. "अगं, आकृत्या कुठे आहेत?"

"मॅडम, मला नाही दिसलं काही."

"तक्त्यावर आहे ना."

"तक्त्यावरचं तर तक्त्यावर आहेच." ती जराही उद्धटपणे बोलली नाही, उलट आवाज एकदम खाली गेला. मग तिने मान वर करून विचारलं, "तुम्हाला दिसलंय का, मॅडम?"

आजूबाजूच्या तीन-चार मुली थांबल्या. मला सहज 'हो' म्हणता आलं असतं. कुणी तपासायला येणार नव्हतं. पण तिचा चेहरा असा काही सरळ होता, की माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

"नाही गं. मलाही कधी दिसलं नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग मीच हसायला लागले. इतक्या वर्षांचं ओझं असं हसता हसता उतरेल, असं मला वाटलं नव्हतं. मी तिच्या वहीत त्या गुलाबी वर्तुळाखाली सही केली आणि वर्गाला सांगून टाकलं, "आता हे दिसल्याशिवाय आपण पुढचं प्रॅक्टिकल करायचं नाही."

सांगून टाकलं खरं, पण करायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं.

मी धाडची. घरची शेती, वांगी-मिरची-कांदा. रोज सकाळी धाडहून एस.टी.ने बुलढाण्याला जायचे, संध्याकाळी परत. त्या संध्याकाळी मी घरी आल्या आल्या ओट्यावरचे ताजे, गुलाबी, टपोरे कांदे पिशवीत भरायला लागले. कॉलेजातले कांदे बाजारचे, किडके. त्यांना मुळंच नीट फुटत नाहीत, असा माझा तर्क होता.

आई स्वयंपाकघरातून पाहत होती. "काऊन व? कॉलेजात भजे करून राह्यल्या काय?"

मी तिला सांगितलं, मुळं फुटवायची आहेत.

"अन् हे कांदे नेतं? माय माय! हे परवा काढले वावरातून. कांदा काढला का झोपते तो. दोन-तीन महिने त्याले कितीही पाणी दाखव, हुं नाई म्हणत."

मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, त्याला सुप्तावस्था म्हणतात हेही वर्गात शिकवलं होतं. पण वाचलेलं आणि ओट्यावरचा कांदा यांची गाठ कधी पडली नव्हती. आई मागच्या कांदाचाळीत गेली आणि गेल्या उन्हाळ्यातले, जरा सुरकुतलेले, डोक्यावर हिरवं टोक डोकावणारे सात-आठ कांदे घेऊन आली. "हे ने. हे जागे होऊन राह्यले."

दिसायला ते असे गरीब होते, की एस.टी.त शेजारच्या बाईने मला विचारलं, फेकायला नेता का? पण प्रयोगशाळेत पेल्यांच्या तोंडावर ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांच्या बुडाशी पांढरे ठिपके आले आणि तिसऱ्या दिवशी बोटभर मुळ्या पाण्यात लोंबायला लागल्या.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. आमच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून एक मावशी होत्या. त्यांचे यजमान कॉलेजात शिपाई होते. ते अकाली गेल्यावर त्यांच्या जागी यांना घेतलं. शिक्षण सातवीपर्यंत. पण काचेच्या वस्तूंना त्यांच्यासारखा हात लावणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. त्यांच्या हातून इतक्या वर्षांत एक पेला फुटला होता आणि त्याचंही त्या वाईट वाटून घ्यायच्या. मुलं त्यांना घाबरायची, कारण ओल्या हाताने मायक्रोस्कोपला कुणी हात लावला की त्या दुरूनच ओरडायच्या, "ए बाप्पू! लेन्स हाय ते, म्हशीचं शिंग नोहे!"

मी कांद्यांच्या मागे लागले तशा त्याही लागल्या. पहिल्या दोन दिवसांच्या स्लाइडमध्ये पेशी चांगल्या वेगळ्या दिसत होत्या, प्रत्येकीत गोल केंद्रकही दिसत होतं, पण विभागणारी एकही पेशी नव्हती. सगळ्या नुसत्या बसलेल्या.

"मॅडम," मावशी म्हणाल्या, "तुम्ही मुळं कवा कापता?"

"प्रॅक्टिकलला. अकरा-साडेअकराला."

"अन् त्यायची वेळ तीच हाय काय?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मावशी रोज सकाळी सातला प्रयोगशाळा उघडायच्या. त्यांनीच ठरवलं, की सातपासून दर तासाला दोन-दोन मुळं कापून ती औषधाच्या बाटलीत टाकून ठेवायची. त्या औषधात पेशी जिथल्या तिथे थिजते, मग ती कधीही पाहता येते. बाटल्यांना त्यांनी चिकटपट्टीवर आकडे लिहून लावले. पाच-सहा दिवस त्यांनी हे केलं, कुणी न सांगता.

दुसरी अडचण माझ्या हाताची होती. कव्हरस्लिप, म्हणजे वरची पातळ काच, दाबताना माझ्याकडून ती सरकायची नाहीतर तडकायची. मावशी दोन दिवस शेजारी उभं राहून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"दाबून राह्यल्या का घासून राह्यल्या तुम्ही?"

"दाबतेय की."

"अंगठा हलून राह्यला तुमचा. व्हा बाजूला."

त्यांनी काचेवर टिपकागदाची घडी ठेवली, एका हाताच्या दोन बोटांनी काचेच्या कडा धरल्या आणि दुसऱ्या हाताचा अंगठा सरळ वरून टेकवला. घाई नाही, झटका नाही. अंगठ्याचं नख पांढरं होईतो दाब वाढत गेला आणि तसाच हळूहळू कमी झाला. काच तसूभर हलली नाही. "घ्या," म्हणाल्या आणि पदराला हात पुसले.

ती सकाळी आठला कापलेल्या बाटलीतली मुळी होती. मी डोळा लावला. आधी नेहमीच्या पेशी, विटांसारख्या रचलेल्या, प्रत्येकीत गुलाबी गोळा. स्लाइड थोडी सरकवली. मग एका पेशीत गोळाच नव्हता. त्या जागी गडद लाल दोऱ्यांचा गुंता होता. तिच्या शेजारच्या ओळीत एका पेशीत सगळे दोरे मधोमध एका रेषेत. आणि तिच्या खाली, किंचित तिरकी, एक पेशी, जिच्यात दोऱ्यांचे दोन पुंजके एकमेकांपासून लांब निघालेले, मधे रिकामी जागा, आणि दोऱ्यांची टोकं मागे लोंबलेली.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. शेजारच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून माणसं बघायला आली, त्यांना वाटलं काही सांडलं.

मावशींनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "हे दोन ठिकाणी चालले ना? अन् हे शेपटं मांगं राह्यले."

"हो मावशी. हीच पश्चावस्था."

"मंग तक्त्यावर काऊन एवढं सरळ काढेल हाय? हे तर किती वाकडंतिकडं हाय."

त्या दिवशी मुलांची रांग लागली. सुलतानपूरच्या मुलीने आपली पाळी आल्यावर पाहिलं, वही काढली आणि जसं दिसलं तसंच, तिरकं, एक दोरा बाकीच्यांच्या मागे पडलेला, असं काढलं. तासभर ती काढत बसली. ते चित्र मी नंतर फोटो काढून माझ्याजवळ ठेवलं.

मला वाटलं, झालं. आपण जिंकलो. पुढच्या आठवड्यात तीच मुलगी पुन्हा टेबलाशी आली.

"मॅडम, ही पेशी तर मेलेली आहे ना?"

"हो. औषधात टाकली की मरते."

"मग ती सरकतात हे कसं कळलं? आपण तर नुसत्या थांबलेल्या पाहिल्या. एक इथे, एक तिथे. ओळ आपणच लावली."

मी म्हटलं, शास्त्रज्ञांनी जिवंत पेशीत पाहिलंय. तिने मान हलवली, पण समाधान झालं नाही हे दिसत होतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. एकदा खरं पाहायची चटक लागली, की माणूस ऐकलेल्यावर भागवून घेत नाही.

मी अमरावतीला शिकत असताना आमचे एक म्हातारे सर होते, आता निवृत्त. त्यांना फोन केला. सगळं ऐकून ते खुशीत हसले.

"तुमच्याकडे ते झाड आहे का? पानं वरून हिरवी, खालून जांभळी, तलवारीसारखी, आणि बुडाशी होडीत बसल्यासारखी बारकी पांढरी फुलं?"

"आहे की सर. ऑफिसापुढे सहा कुंड्या आहेत. त्याच्या फुलातले केस आम्ही दर वर्षी मुलांना दाखवतो, पेशीतला रस फिरताना बघायला."

"उमललेल्या फुलातले?"

"हो."

"ते मोठे झालेले केस. त्यांचं विभागणं संपलेलं. बारीक कळी घ्या, आत दडलेली. पुंकेसरांवरचे केस तेव्हा वाढत असतात. ते जिवंतच बघा, रंग घालू नका. मात्र धीर लागेल हं, मॅडम."

त्यांच्या तोंडून 'मॅडम' ऐकून मी लाजले.

धीर लागला. तीन आठवडे आम्ही तिघी, मी, मावशी आणि ती मुलगी, सकाळी आठला जमायचो. मावशी कुंड्यांमधून कळ्या तोडून आणायच्या, तांदळाच्या कणीएवढ्या. मुलगी सुईने कळी उघडायची. त्यात पुंकेसर, आणि त्यावर इतके बारीक केस, की नुसत्या डोळ्याला ते कापसाच्या तंतूसारखे भासायचे. मायक्रोस्कोपखाली तोच केस म्हणजे मण्यांची माळ; एकेक मणी म्हणजे एकेक पेशी. साखरेच्या पातळ पाण्यात तो ठेवायचा आणि बघत बसायचं.

आधी कळ्या मोठ्या निघाल्या. मग केस तुटायला लागले. मग केस चांगले मिळाले तर अर्ध्या तासात पेशी आक्रसून जायच्या. याचं कारण मावशींनी शोधलं. आमच्या नव्या मायक्रोस्कोपचा दिवा तापायचा.

"तुमच्या हातावर घंटाभर बल्ब धरला तं कसं वाटन?" म्हणाल्या, आणि कपाटाच्या तळातून एक जुना मायक्रोस्कोप काढून आणला, आरशाचा. त्याला वीज लागत नाही, खिडकीतला उजेड आरशाने वर पाठवायचा. त्यांनी तो पूर्वेच्या खिडकीशी मांडला, आरसा तिरका करून थेट ऊन टाळलं, बाहेरच्या भिंतीवरचा पांढरा उजेड धरला. बाजूला ड्रॉपर घेऊन बसल्या, काचेखालचं पाणी सुकायला लागलं की कडेने एक थेंब सोडायला.

तो शनिवार होता. प्रॅक्टिकल नव्हतं. आम्ही तिघीच. मुलीने दुसऱ्या कळीतला केस लावला आणि म्हणाली, "मॅडम, टोकाच्या पेशीत काहीतरी गडबड आहे."

मी पाहिलं. काहीच रंगीत नव्हतं, काचेच्या आत काच असावी तसं. पण टोकाच्या पेशीतलं केंद्रक बाकीच्यांसारखं गुळगुळीत दिसत नव्हतं. आत दाणे-दाणे, जरा जाडसर सुतं. आम्ही पाळ्या लावल्या, पाच-पाच मिनिटांच्या. ती घड्याळ बघायची. हळूहळू सुतं जाड झाली. आधी केंद्रकाची कड दिसत होती, मग एका पाळीत ती दिसेनाशी झाली. नेमकी कधी गेली हे तिघींपैकी कुणालाच सांगता आलं नाही. सुतं आता मोकळी झाली होती आणि ती हलत होती. एक थोडं वर जायचं, थांबायचं, परत यायचं. दुसरं वळायचं. कुणी त्यांना ढकलत असावं अशी ती मधल्या रेषेकडे यायला लागली, एकदम नव्हे, एकेक करून. एक तर आलं आणि पुन्हा मागे गेलं.

"एक तिकडंच फिरून राह्यलं," मावशी आपल्या पाळीला म्हणाल्या. "ये ना बाप्पा, सगळे थांबले तुह्यासाठी."

ते आलं. सगळी मधे लागली. आणि मग काहीच होईना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. नुसती थरथर. मुलीची पाळी झाली, माझी झाली. मला पेशी मेली असं वाटायला लागलं. मान आखडली होती. मी उठून मावशींना जागा दिली आणि पाणी प्यायला माठाकडे गेले.

माठातून पेला भरतेय तोच मागून मावशी किंचाळल्या.

"सरकले! मॅडम, सरकले! फाटले दोन्हीकडं! अई माय, चालले, चालले!"

त्यांचा एक डोळा मायक्रोस्कोपला चिकटलेला, ड्रॉपर धरलेला हात हवेत, आणि त्या पाय जमिनीवर आपटत होत्या. मी पेला तसाच टाकून धावले. मुलीने त्यांचा खांदा धरला होता, पण त्यांना उठवायची हिंमत तिला होत नव्हती. शेवटी मावशी स्वतःच झटकन बाजूला झाल्या. "पाहा, पाहा, लवकर!"

मी पाहिलं तेव्हा दोन्ही पुंजक्यांमधे फट पडलेली होती. आणि ती वाढत होती. माझ्या डोळ्यांसमोर वाढत होती. इतक्या सावकाश, की क्षणभर वाटावं थांबली, आणि पापणी मिटून उघडली की जागा बदललेली. वेगळं होण्याचा तो पहिला क्षण माझा हुकला. तो मावशींना मिळाला, आणि आजतागायत मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. तिच्या पाळीत मुलीने पुंजके टोकांना पोचताना पाहिले. नंतर मधे एक फिकट रेघ उगवली, नवी भिंत. माळेत एक मणी वाढला.

ती मुलगी, जी वर्गात बोलायची नाही, ती स्टुलावरून उठली आणि मावशींना मिठी मारून रडायला लागली. मावशी तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होत्या, "अवं, झालं काय? चांगलं झालं ना?" आणि स्वतःचे डोळे पदराने पुसत होत्या.

विभागप्रमुख सर काही कागद घ्यायला आले होते, आरडाओरडा ऐकून आत डोकावले. तेव्हा शेवटचा टप्पा चालू होता. दोन नवी केंद्रकं गोल होत होती. आम्ही त्यांना बसवलं. पहिल्या पाच मिनिटांनंतर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुन्हा डोळा लावला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी हे आजवर कितीदा शिकवलं असेल, मॅडम." त्यांनी मावशींकडे वळून विचारलं, "अजून एखादी कळी आहे का?"

मावशींनी अभिमानाने कळ्यांची बशी पुढे केली. सोमवारी सरांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, की आमच्या मावशींनी गुणसूत्रं सरकताना पाहिली. त्या वर्षी इतर विभागांतले शिक्षक, ऑफिसातले कारकून, कॅन्टीनवाला, सगळे त्या खिडकीशी येऊन बसून गेले. सगळ्यांना विभाजन दिसलं नाही. पण कळीतले केस पाहूनही लोक खूश होऊन जायचे.

त्या मुलीचे प्रश्न थांबले नाहीत. एक दिवस तिने विचारलं, "विभाजन नसतं तेव्हा ती काय करतात? निवांत पडून असतात?" मी पुन्हा अमरावतीला फोन लावला, स्पीकरवर. सर म्हणाले, "निवांत कुठली! पेशीच्या आयुष्याचा मोठा भाग गुणसूत्रं केंद्रकाच्या आत सैल होऊन असतात, म्हणून आपल्या मायक्रोस्कोपला दिसत नाहीत. पण प्रत्येकाचा आपला असा भाग असतो, आणि तिथल्या तिथे ती सतत हलत असतात. नुकतं विभाजन झालं की नव्या केंद्रकात पहिला काही वेळ ही हालचाल जास्त असते. मग ती बऱ्यापैकी स्थिरावतात."

"समजलं," मावशी मागून म्हणाल्या. "एस.टी.त चढल्यावर होते तसं. भोकरदन गाडीत मानसं चढले का सरका-सरकी करतात, पिशव्या ठेवतात, खिडकी धरतात. अन् स्टँड सुटला का ज्यानं त्यानं जागा धरली. मंग नुसतं हलणं."

फोनवर पलीकडे सर इतके हसले, की त्यांना खोकला आला. "हे कोण बोललं? त्यांना माझा नमस्कार सांगा."

ती मुलगी पुढे एम.एस्सी.ला गेली, आणि आता दूरच्या एका संस्थेत जिवंत पेशींवरच काम करते. मावशी मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण करायला साफ नकार दिला. त्याऐवजी नव्या परिचराला आणि पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना कव्हरस्लिप कशी दाबायची ते दोन तास दाखवलं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते. त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत केलं होतं. जेवता जेवता माझ्या फोनवर त्या मुलीचा व्हिडिओ आला. तिने स्वतः काढलेला. काळ्या पडद्यावर एक अंधुक निळा गोल, म्हणजे केंद्रक, आणि त्यात दोन हिरवे ठिपके. दोन गुणसूत्रांवरच्या दोन जागा तिने चमकवल्या होत्या. खाली तिने लिहिलं होतं, "विभाजन नाहीये. रोजचंच."

ठिपके थरथरत होते. एक जरासा बाजूला जायचा, परत यायचा. दुसरा कडेकडेने फिरायचा. मावशींनी भरताचा हात धुतला, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि फोन हातात घेतला. व्हिडिओ संपला. त्यांनी तो पुन्हा लावला. मग सुनेला हाक मारली, मग शेजारणीला. शेजारणीने विचारलं, हे काय हाय? मावशी तिला शेजारी बसवून, एकेका ठिपक्यावर बोट ठेवत, पहिल्यापासून सांगायला लागल्या. मी माझी भाकर संपवली आणि दुसरी वाढून घेतली.